घड्याळातील सात आणि आकाशातील सात

जानेवारीच्या मध्यास नाशिक येथे सूर्य उगवतो तो सकाळी सुमारे सात वाजून बारा मिनिटांनी. सकाळच्या सत्रात भरणाऱ्या माध्यमिक शाळांची घंटा त्यापूर्वीच वाजलेली असते. घरातून निघताना अंधार, मैदानावर पोहोचेपर्यंत झुंजुमुंजू, अशा अवस्थेत रांगा लागतात. प्रार्थना होते, प्रतिज्ञा होते आणि मग कानटोपी सावरीत एखादा विद्यार्थी परिपाठाच्या वहीतून प्रथम दिनविशेष व नंतर देशविदेशच्या ठळक बातम्या वाचून दाखवितो. आज कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, कोठे युद्ध पेटले आणि कोठे तह झाला, हे सारे सूर्याच्या आधीच त्याच्या सोबत्यांच्या कानी पडते. एकच गोष्ट त्या वहीत कधी लिहिलेली नसते, ती ही की आपण सर्वजण उजाडण्यापूर्वी येथे का उभे आहोत.

प्रश्न पोरकट वाटेल, पण तसा तो नाही. घड्याळातील वेळ ही निसर्गदत्त वस्तू नव्हे. ती एक सरकारी आज्ञा आहे आणि इतर सर्व सरकारी आज्ञांप्रमाणे तिच्यामुळे कोणाचा तरी लाभ व कोणाची तरी गैरसोय होतच असते. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कलांच्या रेखावृत्तावरून, म्हणजे ढोबळ मानाने मिर्झापूरच्या सूर्यावरून ठरते. नाशिक त्याच्या पश्चिमेस पावणेनऊ अंशांवर आहे. एका अंशास चार मिनिटे या शालेय भूगोलातील हिशेबाने नाशिकचा सूर्य मिर्झापूरच्या सूर्याहून पस्तीस मिनिटे मागे चालतो. घड्याळात सात वाजतात तेव्हा गोदाकाठच्या सूर्याच्या मानाने जेमतेम सहा पंचवीस झालेले असतात. शाळेची घंटा सातची असली तरी मुले सहा पंचवीसच्या शाळेत जात असतात.

याच दिवशी नागपुरात सूर्य सातच्या आत उगवलेला असतो. नाशिक आणि नागपूर यांच्या सूर्योदयात सुमारे वीस मिनिटांचे अंतर आहे, परंतु मंत्रालयातून निघणाऱ्या परिपत्रकाला ते दिसत नाही. गंमत अशी की हेच अंतर आपल्या घरांतील माजघराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. संकष्टीचा उपवास सोडणारी गृहिणी कालनिर्णयातील गावोगावच्या चंद्रोदयाची यादी पाहते, नाशिकची वेळ निराळी, नागपूरची निराळी, हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही. चंद्राच्या बाबतीत जो विवेक आपण स्वाभाविक मानतो, तो सूर्याच्या बाबतीत मात्र कचेरीच्या उंबऱ्यापाशी सोडून देतो.

हे असे नेहमीच नव्हते. आगगाडी येईपर्यंत प्रत्येक गावाचा मध्यान्ह त्या गावाचा स्वतःचा असे. आगगाडीने ही स्थिती मोडली, कारण गावोगाव वेगळी वेळ ठेवून वेळापत्रक छापता येत नाही आणि एकेरी रुळावर दोन घड्याळांचे मतभेद जिवावर बेततात. हिंदुस्थानातील रेल्वेने मद्रासच्या वेधशाळेची वेळ पत्करली. मद्रासची वेळ नाशिकच्या वेळेहून जवळजवळ सव्वीस मिनिटे पुढे. त्या काळी आपल्या गावच्या सूर्यावर विसंबून नाशिक रोडला निघालेल्या उतारूची गाडी हमखास चुकावी, इतके हे अंतर होते. तरीही लोकांनी ते सोसले. गाडीपुरती गाडीची वेळ आणि संसारापुरती गावची वेळ, अशी दुहेरी व्यवस्था त्यांना जमली. ही व्यवस्था गैरसोयीची होती खरी, पण अन्यायाची नव्हती, हा भेद पुढील कथेसाठी ध्यानात ठेवावयास हवा.

मुंबईत मात्र सरकारने १८८१ मध्ये, सर जेम्स फर्ग्युसन गव्हर्नर असताना, मद्रासची वेळ शहरावर लादण्याचा प्रयत्न केला. लोकमत इतके विरुद्ध गेले की दोन वर्षांतच तो सोडून द्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, नवी वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे एका रात्रीत घड्याळाचे काटे ३९ मिनिटांनी पुढे सरकले. बंगालच्या फाळणीला तीनच महिने लोटले होते आणि सरकारचा प्रत्येक फेरफार लोक संशयाने पाहत होते. सभा भरल्या, सह्यांचे अर्ज गेले, महापालिकेत वाद झडले.

परंतु या सर्व प्रकरणात सर्वांत आधी व सर्वांत मोठ्याने बोलले ते गिरणीकामगार. जानेवारी १९०६ च्या आरंभीच हजारो कामगारांनी नव्या वेळेप्रमाणे मागावर जाण्यास नकार दिला, गिरण्यांवर दगडफेकही झाली. त्या काळच्या काही सुशिक्षितांना हा अडाण्यांचा आडमुठेपणा वाटला असेल. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता तो हिशेब अगदी बिनचूक होता. गिरणीचा भोंगा जर त्याच आकड्याला वाजणार असेल, तर कामगाराला सूर्याच्या मानाने ३९ मिनिटे आधी उठणे भाग होते. विजेचे दिवे गिरण्यांत आल्यामुळे कामाचा दिवस अगोदरच लांबला होता. प्रौढ पुरुषांना कापडगिरणीत बारा तासांहून अधिक राबवू नये, असा कायदा होण्यास अजून पाच वर्षांचा, १९११ पर्यंतचा, अवकाश होता. ज्याच्याजवळ घड्याळ नव्हते त्याला घड्याळातील बदलाची किंमत सर्वांआधी कळली. ज्यांच्या खिशात सोन्याच्या साखळीचे घड्याळ होते, त्यांनी काटा फिरविला आणि ते झोपी गेले.

मुंबई महापालिकेने १९०६ मध्येच आपल्या घड्याळांपुरती मुंबईची वेळ परत स्वीकारली आणि ती स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकापर्यंत टिकली. मधल्या काळात एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. स्टेशनवर एक, बाजारात दुसरी. मुंबईच्या जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘बॉम्बे टाइम की स्टँडर्ड टाइम’ हा प्रश्न कित्येक वर्षे येत असे तो यामुळे. दुसऱ्या महायुद्धात तर याही पुढची पायरी गाठली गेली. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सबंध देशाचे घड्याळ आणखी एक तास पुढे ठेवण्यात आले होते. त्या तीन हिवाळ्यांत नाशिकचा जानेवारीतला सूर्य घड्याळाप्रमाणे सव्वाआठच्या सुमारास उगवत होता.

आता परिपाठाची वही पुन्हा उघडून पाहावी. १ जानेवारीच्या पानावर १९०६ ची ही नोंद सहसा आढळत नाही. दिनविशेषाच्या याद्यांचा स्वभावच असा की त्यांत माणसे जन्मतात, मरतात आणि कशाचे तरी उद्‌घाटन होते. ज्या घटनेने प्रत्येक घरातील उठण्याची वेळ बदलली, तिला जागा मिळत नाही. नाशिकला तरी हा प्रश्न परका वाटू नये, कारण या गावाचा तारखांशी संबंध केवळ पंचांगापुरता नाही. नाशिक रोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात १९२५ पासून टपालाची तिकिटे छापली जातात. नव्या दिल्लीच्या उद्‌घाटनानिमित्त फेब्रुवारी १९३१ मध्ये निघालेली स्मारक तिकिटे येथलीच, आणि ‘जय हिंद’ या शब्दांसह १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख मिरविणारी स्वतंत्र भारताची पहिली तिकिटेही येथलीच. राष्ट्राने कोणता दिवस लक्षात ठेवावा याचा निर्णय दिल्लीत होतो, पण त्याची शाई बहुधा नाशिकची असते.

आणि तरीही नाशिकच्याच एका तारखेची कथा पाहण्यासारखी आहे. मार्च १९३० म्हटले की वहीत १२ मार्च येतो, दांडीयात्रा. ती यावीच. पण त्याच्या दहा दिवस अगोदर, २ मार्च १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे वर्षानुवर्षे नेटाने चालविला. त्याच जिल्ह्यातील येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या दोन्ही तारखा पंचवटीपासून हाकेच्या अंतरावरील शाळांत दरवर्षी न चुकता वाचल्या जातात काय, हे त्या त्या शिक्षकांनीच पाहावे.

तारखांच्या बाबतीत दुसरा एक पेच आहे, तो मापनाचा. शिवजन्माचा दिवस कोणता यावर महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ हा एक पक्ष, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ हा दुसरा. राज्य सरकारने दुसऱ्या पक्षास अनुसरून १९ फेब्रुवारी हा दिवस अधिकृत ठरविला, पण तिथीप्रमाणे उत्सव करणारेही आहेतच. ज्या १९ फेब्रुवारीसाठी आग्रह धरला जातो ती तारीख इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या, ज्यूलियन पंचांगातील आहे. आज जगभर रूढ असलेल्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च १६३० असा येतो, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवसही विजयादशमीस आणि १४ ऑक्टोबरास, असा दोन्ही रीतींनी पाळला जातो. यात बिघडले काहीच नाही. समाजाला एकाच वेळी दोन गणना सांभाळता येतात, आणि कोकणातील टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत तर काही वर्षी गणपतीही इतरांच्या महिनाभर आधी येतात. केंद्र सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर पंचांग सुरू केले. ते राजपत्रावर आणि आकाशवाणीवर आहे, परंतु आपला पगार, भाडे आणि परीक्षा यांना त्याचा स्पर्श झालेला नाही. सरकारने सांगितलेली तारीख लोकांनी सौजन्याने बाजूला ठेवली. सरकारने सांगितलेली वेळ मात्र बाजूला ठेवता येत नाही, कारण तिच्या मागे हजेरीपट असतो.

वेळ ही सत्तेची वस्तू आहे याचे पुरावे शोधण्यास गेल्या काही वर्षांतील जगाच्या बातम्या पुरेशा आहेत. मार्च २०१४ मध्ये क्रिमियाचा ताबा घेतल्यावर रशियाने तेथील घड्याळे मॉस्कोच्या वेळेस लावली. उत्तर कोरियाने १५ ऑगस्ट २०१५ रोजी, जपानी राजवट संपल्याच्या सत्तराव्या वर्षदिनी, आपले घड्याळ अर्धा तास मागे नेले आणि दक्षिणेशी बोलणी झाल्यावर मे २०१८ मध्ये ते पुन्हा पुढे आणले. चीनने एवढ्या अवाढव्य देशावर बीजिंगची एकच वेळ पसरली आहे, तर सिंक्यांगमधील उइगुर लोक घरगुती व्यवहारात दोन तास मागचे घड्याळ वापरतात. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनमध्ये तर कमालच झाली. रमजानच्या कारणाने सरकारने उन्हाळी वेळ पुढे ढकलली, चर्चने ते मानले नाही आणि काही दिवस त्या चिमुकल्या देशात एकाच रस्त्यावर दोन वेळा चालू राहिल्या. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली.

उन्हाळी वेळेची ही प्रथा मुळात युद्धातून जन्मास आली. जर्मनीने १९१६ च्या एप्रिलअखेरीस कोळसा वाचविण्यासाठी काटे पुढे केले, तीन आठवड्यांत ब्रिटनने तेच केले. युद्धे संपली तरी प्रथा राहिली. २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने लोकांची मते मागविली तेव्हा सुमारे ४६ लाख उत्तरे आली आणि त्यांतील ८४ टक्के काटे फिरविण्याच्या विरुद्ध होती. त्यांत जर्मनांचाच भरणा अधिक होता ही गोष्ट वेगळी. युरोपीय संसदेने मार्च २०१९ मध्ये ही प्रथा बंद करण्याच्या बाजूने कौल दिला, परंतु सदस्य देशांचे एकमत न झाल्याने काटे फिरतच राहिले. अमेरिकेच्या सिनेटने मार्च २०२२ मध्ये तसेच एक विधेयक मंजूर केले, ते प्रतिनिधिगृहात अडकले. या दूरच्या गोष्टी नाशिकच्या घरांतही येऊन पोहोचतात. मुलगा न्यूयॉर्ककडे असलेल्या आजीआजोबांना मार्चपासून साडेनऊ तास आणि नोव्हेंबरपासून साडेदहा तास असा हिशेब बदलून ध्यानात ठेवावा लागतो, नाही तर नातवाला शाळेच्या वेळेत फोन लागतो.

आपल्या शेजाऱ्यांचे अनुभव अधिक बोलके आहेत. श्रीलंकेने १९९६ मध्ये विजेच्या टंचाईमुळे घड्याळ प्रथम एक तास पुढे नेले, काही महिन्यांत अर्धा तास मागे आणले आणि अखेर एप्रिल २००६ मध्ये मूळ वेळेवर परत आणले. तेवढी वर्षे तमिळ बंडखोरांच्या ताब्यातील मुलुखात जुनीच वेळ चालू होती. बांगलादेशाने जून २००९ मध्ये वीज वाचविण्यासाठी घड्याळ एक तास पुढे केले. उन्हाळ्यात कोणाची फारशी तक्रार नव्हती. हिवाळा आला, सकाळी मुलांना अंधारात शाळेत पाठवावे लागू लागले आणि वर्ष संपताच तो प्रयोगही संपला.

असेच प्रस्ताव आपल्याकडेही आहेत आणि नाशिककरांनी, किंबहुना सर्व पश्चिम महाराष्ट्राने, ते काळजीपूर्वक वाचावयास हवेत. देशाच्या पूर्व व पश्चिम टोकांत सुमारे २९ रेखांशांचे, म्हणजे जवळजवळ दोन तासांचे अंतर आहे. दिब्रुगडला जूनमध्ये पहाटे साडेचारच्या आत उजाडते आणि डिसेंबरात दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो. आसामातील चहामळ्यांनी ‘चायबागान टाइम’ म्हणून एक तास पुढची वेळ पूर्वीपासून ठेवली आहे ती उगीच नव्हे. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ईशान्य भागासाठी एक तास पुढची स्वतंत्र प्रमाणवेळ ठेवणे शक्य आहे असे दाखवून दिले. केंद्र सरकारने सामरिक कारणे सांगून दोन वेळांची कल्पना स्वीकारली नाही. दुसरा प्रस्ताव असा की सबंध देशाचेच घड्याळ कायमचे अर्धा तास पुढे न्यावे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्यामुळे वर्षाकाठी सुमारे २७० कोटी युनिट वीज वाचेल असा अंदाज केला होता. संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळी जो भार एकदम चढतो तो थोडा सौम्य होईल, हे त्यामागील तर्कशास्त्र.

तर्क चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. दिव्यांच्या खपावर आधारलेले अंदाज एलईडी दिव्यांच्या प्रसारापूर्वीचे आहेत, आज दिव्यांची वीज पूर्वीइतकी राहिलेली नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात २००६ पासून सर्वत्र उन्हाळी वेळ लागू झाल्यावर घरगुती विजेचा खप घटण्याऐवजी सुमारे एक टक्क्याने वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांना आढळून आले. संध्याकाळी दिवे वाचले, पण थंडीवाऱ्याची यंत्रे अधिक चालली. बचतीचा आकडा खरा धरला तरी मूळ प्रश्न उरतोच. बचत देशाच्या खात्यात जमा होईल, परंतु तिची किंमत कोणी मोजावयाची? घड्याळ अर्धा तास पुढे गेले तर नाशिकचा जानेवारीतील सूर्य सात बेचाळीसला उगवेल. सातची घंटा सातलाच वाजेल. १९०६ मध्ये गिरणीकामगाराने जे सोसले तेच पुन्हा पश्चिमेकडील विद्यार्थी, शिक्षक, दूधवाला आणि पहिल्या पाळीचा कामगार यांना सोसावे लागेल, आणि या वेळी दगडफेक करणारा कोणी असणार नाही.

यात झोपेचा प्रश्न सर्वांत गंभीर. भारतातील मुलांविषयी मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की जेथे घड्याळाप्रमाणे सूर्यास्त उशिरा होतो तेथे मुले झोपतात उशिरा, पण शाळा सर्वत्र एकाच वेळी भरत असल्याने उठतात मात्र त्याच वेळी. परिणामी त्यांची झोप घटते, अभ्यासाचा वेळ घटतो आणि शेवटी शिक्षणाची वर्षेही घटतात. गरीब घरांत हा परिणाम अधिक, कारण एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबात मोठी माणसे जागी असेपर्यंत मूल झोपू शकत नाही. नाशिकला जूनमध्ये सूर्य सव्वासातनंतर मावळतो. देशाच्या पश्चिमेकडील अर्ध्या भागात असण्याची ही एक अदृश्य पट्टी आहे, ती दर वर्षी वसूल होते आणि तिची पावती मिळत नाही.

महाराष्ट्र सरकारला हे थोडेफार पटले असावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय झाला. निर्णय स्वागतार्ह होता. अडचणी लगेच पुढे आल्या : एकाच इमारतीत दोन सत्रे, एकच बस दोन फेऱ्यांना, नोकरी करणारे आईवडील. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या घड्याळाच्या नव्हेत, खोल्यांच्या आहेत. वर्गखोल्या अपुऱ्या म्हणून मुलांची झोप कापावयाची, हा काटकसरीचा सर्वांत महाग प्रकार होय. आणि चौथी ओलांडलेल्या मुलाचे काय? मे महिन्यात तो लहान असतो आणि जूनमध्ये पाचवीत जाताच त्याला पहाटे उठणे झेपू लागते, असे मानण्यास कोणताही आधार नाही. पाचवीपासून पुढचे विद्यार्थी, आणि सकाळी सातला तास असणारी कनिष्ठ महाविद्यालये, ही सर्व मंडळी निर्णयाच्या बाहेर राहिली.

शहराबाहेर गेल्यास हाच प्रश्न उलटा होऊन भेटतो. निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत शेतीपंपांची वीज पाळीपाळीने कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. द्राक्षबागेला किंवा कांद्याला पाणी द्यावयाचे तर शेतकऱ्याने डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्री मोटार चालू करावयास जावे, उसात बिबट्या दबून बसला आहे की काय याची चाहूल घेत जावे, अशी स्थिती असते. या मुलुखातील बिबट्यांची बातमी आता कोणास नवी राहिलेली नाही. विजेचा भार समतोल राखण्यासाठी रात्र कोणाला द्यावयाची हे कोणी तरी ठरवीत असते, आणि ती कारखान्याला न मिळता बागाईतदाराला मिळते. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे. तिची गती वाढली तर वेळेच्या वाटपातील हा एक जुना अन्याय घड्याळाला हात न लावता दूर होईल.

घड्याळाला हात लावू नये, हेच येथे म्हणणे आहे. एक देश, एक वेळ हे धोरण व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये प्रमाणवेळ सर्व कायदेशीर, व्यापारी व प्रशासकीय व्यवहारांत सक्तीची करण्यासाठी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. बँका, दूरसंचार, वीजवाहिन्या यांना सेकंदाच्या सूक्ष्म अंशापर्यंत एकवाक्यता लागते, तेथे बॉम्बे टाइमचा जुना हट्ट चालणार नाही. पण वेळ एक असली म्हणजे वेळापत्रकही एकच असले पाहिजे, हा निष्कर्ष कोठून आला? सेकंद दिल्लीने मोजावेत, घंटा कधी वाजवावी हे नाशिकने ठरवावे. चहामळ्यांनी केले ते हेच, त्यांनी देशाचे घड्याळ बदलण्याची वाट पाहिली नाही.

नाशिकपुरते सांगावयाचे तर डिसेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सकाळच्या सत्राची घंटा अर्ध्या तासाने पुढे नेणे हा काही क्रांतिकारक उपाय नव्हे. दुपारचे सत्र तेवढेच पुढे सरकेल आणि संध्याकाळी सवासहापर्यंत उजेड असल्याने दुसऱ्या सत्रातील मुलेही उजेडातच सुटू शकतील, मात्र त्यासाठी मधली सुटी दहा मिनिटांनी कमी करावी लागेल आणि शेवटचा तास थोडा आटोपशीर घ्यावा लागेल. बसच्या फेऱ्या बदलाव्या लागतील. त्यास खर्च येईल, तो किती याचा अंदाज जिल्हा परिषद, महापालिका आणि संस्थाचालक यांनी एकत्र बसून एका बैठकीत काढता येण्याजोगा आहे. उन्हाळ्यात तापमान चढले की शाळा सकाळच्या सत्रात भरविण्याचा आदेश दरवर्षी निघतोच. उन्हासाठी जे परिपत्रक काढता येते ते अंधारासाठी काढता येणार नाही, असे शिक्षण खात्याने अद्याप कधी म्हटलेले नाही. त्याला तसे कोणी विचारलेलेही नाही. शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठकीत पालकांनी आणि शिक्षकांनी हा विषय पत्रिकेवर घ्यावा. दिवाळीच्या सुटीपूर्वी घेतला तर येत्या हिवाळ्यासाठीही पुरेसा अवधी मिळेल.